वाचक विचारतात : आफ्रिकेतल्या सेमिनरीत शिकवायला जाताना

प्रश्न : मुलाने बी.डी. आणि एम.टीएच. या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदव्या पूर्ण केल्या. केनियातल्या एका बायबल कॉलेजने शिकवायला बोलावलंय. पत्रात 'या, देव पुरवील' एवढंच लिहिलं आहे. पुढे काय करावं? – एक पालक, दारव्हा (जि. यवतमाळ)

देव पुरवतो, पण वर्क परमिट कॉलेजलाच काढावं लागतं. त्यामुळे दुसरं, सविस्तर पत्र मागवा. कोणते विषय, आठवड्याला किती तास, किती वर्षांसाठी, राहायला घर की खोली, मानधन कोण देणार, आजारपणाचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाकडे, हे सगळं त्यात असावं. कॉलेजला मान्यता कोणाची, तेही विचारा. आफ्रिकेतल्या इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट पंथीय) सेमिनऱ्यांची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजांची, ॲक्टीया ही मान्यता देणारी संस्था १९७६ पासून आहे. काही कॉलेजं एखाद्या विद्यापीठाला जोडलेली असतात, तर काही नुसतीच पाटी लावून बसलेली. पाटीवाल्या ठिकाणी दोन वर्षं घालवली तर विद्यार्थ्यांच्या हाती कागद पडत नाही आणि मुलाचा अनुभवही कोणी धरत नाही.

केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-टीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) आहे. लोक हमखास फसतात ते इथेच. ई-टीए म्हणजे फक्त देशात शिरायची परवानगी, त्यावर शिकवता येत नाही. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी तिथे 'वर्ग आय'चं वेगळं परमिट असतं. ते हाती आल्यावरच तिकीट काढा. 'आधी या, इथे आल्यावर बघू' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे थांबा.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. डिग्रीवर आधी राज्य शासनाचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्यावा लागतो. मलावी, बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका हे देश अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का) मानतात. बाकी देशांचं त्यांच्या दूतावासाला आधीच विचारा, नाहीतर सगळी फेरी पुन्हा. डिग्रीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, ते आजच बघा. वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, एवढ्यावरून आपल्याकडच्या फायली अडकतात.

प्रश्न : आमच्या भागात मलेरिया नवा नाही. मग गोळ्या खरंच लागतात का? – एक वाचक, धानोरा (जि. गडचिरोली)

लागतात. गडचिरोलीतही फाल्सिपेरम हा जिवावर बेतणारा मलेरिया आहे, पण सहाराच्या दक्षिणेला बहुतेक मलेरिया याच जातीचा आणि डास चावण्याचं प्रमाणही जास्त. 'आपल्याला सवय आहे' यावर विसंबू नका. अंगात काही प्रतिकार असला तरी तो अपुरा असतो आणि काही काळ गावाबाहेर राहिलं की ओसरतो. क्लोरोक्विन तिथे चालत नाही. साधारणपणे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज देतात. ती निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करायची आणि परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिका सोलून निघते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. वर्षानुवर्षं राहणार असाल तर कोणतं औषध किती दिवस घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. औषध लावलेली मच्छरदाणी मात्र रोजची. नैरोबी, लिमुरू ही गावं उंचावर असल्याने तिथे धोका कमी आहे. मोंबासाच्या किनाऱ्याला आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी तसं नाही. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : आफ्रिकेहून आलो आहे.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्या. एकच डोस पुरतो. कार्ड १० दिवसांनी ग्राह्य होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. कार्ड नसेल तर अडचण परतीच्या वेळी येते. केनियासारख्या देशातून विनाकार्ड आलेल्याला भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. साठी ओलांडली असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर लसीआधी डॉक्टरांना तसं सांगा.

प्रश्न : बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीतून नवा करार शिकवायला जमेल का? आणि तिकडच्या मुलांना आपण वेगळं काय देणार? – एक तरुण पाळक, अचलपूर

इंग्रजीची काळजी कमी करा. समोर बसलेल्यांचीही ती तिसरी-चौथी भाषा असते. घरची एक, बाजारची स्वाहिली आणि शाळेतली इंग्रजी. छोटी वाक्यं बोला, नवा शब्द फळ्यावर लिहा आणि दर १५ मिनिटांनी एकाला तोच मुद्दा स्वाहिलीत सांगायला लावा. तो अडखळला तर तुमचं स्पष्टीकरण कच्चं होतं असं समजा. नोट्स उतरवून देण्याची आपली सवय मात्र इथेच सोडून जा. मुलं त्या पाठ करतात आणि गावच्या मंडळीत (चर्चमध्ये) तेच इंग्रजी वाक्य तसंच्या तसं बोलतात.

स्वाहिली आधीपासून शिका. किताबू, दावा, हेसाबू, दुका, बीमा हे शब्द कानाला ओळखीचेच वाटतील. अवघड जातात नामांचे वर्ग. म्तु म्हणजे माणूस, वातु म्हणजे माणसं. किताबूचं अनेकवचन विताबू. नामाचा वर्ग बदलला की क्रियापदाचं तोंड बदलतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, जिथे ख्रिस्ताला 'शब्द' म्हटलं आहे, याचा उत्तम उपयोग होतो. 'नेनो' म्हणजे शब्द. व्याकरणाने त्याला निर्जीवाचं 'लिलिकुवा' लागायला हवं. प्रचलित स्वाहिली बायबलात मात्र 'आलिकुवा' आहे, म्हणजे माणसाला लागणारं रूप. शब्द ही व्यक्ती आहे, हे तिथे एका उपसर्गाने सांगितलं आहे. मराठीत 'शब्द होता' म्हटलं की हा फरक दिसतच नाही. असं एक वचन ग्रीक, स्वाहिली आणि मराठीत शेजारी शेजारी फळ्यावर मांडा, तास कसा सरतो कळणार नाही.

वेळेचा घोटाळा पहिल्या आठवड्यात होतोच. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा तातू' म्हणजे तिसरा तास, आपले सकाळचे नऊ. आपल्या पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये. तरी वेळ ठरवताना 'इंग्रजी की स्वाहिली' विचारून घ्या.

काय द्यायचं याबद्दल आमचं मत जरा रोखठोक आहे. केनिया ख्रिस्तीबहुल देश आहे, प्रचारकांची तिथे वाण नाही. गरज आहे ती मूळ भाषा शिकवणाऱ्यांची आणि तुमच्यामागे तुमची जागा घेईल असा शिक्षक तयार करणाऱ्यांची. पहिल्या वर्षापासून एक हुशार विद्यार्थी हाताशी धरा आणि दुसऱ्या वर्षी त्याला अर्धे तास द्या. मंडळीचा इतिहास युरोपातून सुरू करू नका. तर्तुल्यन कार्थेजचा, अथनेशियस अलेक्झांड्रियाचा, ऑगस्टिन आजच्या अल्जीरियातला, सुरुवातीच्या शतकांतले हे सगळे मोठे धर्मशिक्षक आफ्रिकेचेच. इथिओपियात तर चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाला.

आपली उदाहरणं जपून वापरा. हुंड्यावर तावातावाने बोलाल आणि वर्ग गोंधळेल, कारण तिकडे अनेक समाजांत गायी वरपक्ष देतो. तेच विचारा : गायी दिल्या म्हणून बायको विकत घेतली असं मंडळीतला कोणी म्हणाला, तर पाळकाने काय करावं? पूर्वजांचा मान, एकाहून अधिक बायका असलेल्याचा बाप्तिस्मा, पैसे घेऊन आरोग्य देणारे उपदेशक, हे प्रश्न विद्यार्थी स्वतःहून आणतात. पहिल्या सत्रात त्यावर निकाल देऊ नका, नुसतं ऐका.

आणि आपण काही पहिलेच जात नाही. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकजवळ शरणपूरला मिशनच्या शाळेत शिकली. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी संशोधक लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट त्याच शाळेचा. त्यांच्यातले बरेच पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअरटाऊनला गेले. मुक्त गुलामांच्या या वसाहतीचं नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्यावरून. आपल्या यवतमाळातही १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली.

प्रश्न : तीन एकर कोरडवाहू माझ्या नावावर आहे. शिवाय आमची मंडळी दरमहा पैसे पाठवणार म्हणते. – एक वाचक, कारंजा (लाड)

जमीन राहते. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन घेता येत नाही, असलेली ठेवता येते. भावाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून जा. ई-पीक पाहणी कोण करणार ते ठरवा, कारण सातबाऱ्यावर पीक नसेल तर हमीभावाने कापूस घालताना अडचण येते. पीएम किसानचा हप्ता अनिवासींना नाही, तो बंद करून घ्या. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातलं खातं) करा आणि ओटीपीसाठी सिम चालू ठेवा.

मंडळीचा ट्रस्ट असेल तर सांभाळून. ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या परवानगीशिवाय त्यावर करसवलत मिळत नाही. सभासदांनी वैयक्तिक खात्यातून, पॅन देऊन, बँकेमार्फत पाठवणं सोपं.

प्रश्न : सामान काय न्यावं? – एक वाचक, आर्वी

केनिया, टांझानिया, मलावीत तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, आपली गोल पिन बसत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून कडक बंदी आहे, मसाले कापडी पिशवीत बांधा. पुस्तकं मोजकी न्या आणि तिथे भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. उधई तिकडेही आहे. तूरडाळीचं ओझं नेऊ नका. मलावी, मोझांबिकची तूर तर आपणच आयात करतो. स्वाहिलीत तिला 'म्बाझी' म्हणतात.