निकाल लागला होता का, ते आधी ठरवा

प्रश्न असा आहे: कथेतले वडील दोन वर्षं तुरुंगात होते, मग निर्दोष सुटले, जपानीत 'तुरुंगात होते' कसं लिहायचं? शब्दकोशाने 'कान्किन' सुचवलाय.

कान्किन नका लिहू. अपहरणाच्या बातमीत येतो तो हा शब्द. वाचकाला वाटेल, वडिलांना कुणीतरी खोलीत डांबून ठेवलं होतं. 'नान्किन'ही नको, ती नजरकैद.

आपल्या येरवड्यात शिक्षा झालेले आणि खटला चालू असलेले, दोन्ही कैदी असतात आणि आपण दोघांनाही 'तुरुंगात' म्हणतो. जपानीत तसं चालत नाही. शिक्षा भोगायची जागा 'केइमुशो'. पोलिसांची कोठडी 'र्‍यूचिजो', आणि आरोपीला खटला संपेपर्यंत ठेवतात ते 'कोऊचिशो'. तोक्योचं कोऊचिशो कोसुगे भागात आहे. फाशीची शिक्षा झालेले कैदीही कोऊचिशोतच असतात, केइमुशोत नाही. का, तर त्यांची शिक्षा फाशी आहे, कैद नव्हे. फाशी होईपर्यंत त्यांना फक्त ताब्यात ठेवलेलं असतं. हे कळलं तेव्हा मला दोन शब्दांमधली भिंत पहिल्यांदा नीट दिसली.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका अनुवादात आरोपीसाठी सरळ 'केइमुशो' लिहिलं. तपासणाऱ्या जपानी बाईंनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "हा शेवटी सुटतो ना? मग तुम्ही त्याला आधीच शिक्षा का दिलीत?" तुमच्या कथेत तर सगळं दुःखच या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून एवढं लांबण लावून सांगतोय.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'चिचि वा निनेनकान कोऊर्यू सारेते इता.' म्हणजे 'वडील दोन वर्षं आरोपी म्हणून कोठडीत होते.' फक्त कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, जपून निवडा. 'कोऊर्यू' उच्चाराचे दोन कायदेशीर शब्द आहेत. एकाच्या पहिल्या कांजीत डावीकडे हाताची खूण असते. ती ३० दिवसांहून कमी मुदतीची शिक्षा. दुसऱ्यात ती खूण नसते, नुसता आकडा, म्हणजे हूक, असतो. ती आरोपीची कोठडी. तुम्हाला हाताशिवायचा हवा. टाइप करताना संगणक कुठला पुढे करेल याचा भरवसा नाही.

शिक्षा झालेलं पात्र असेल तर काळ बघा. जुन्या कायद्यात 'चोऊएकि' म्हणजे सश्रम कारावास आणि 'किन्को' म्हणजे साधी कैद. १ जून २०२५ पासून दोन्ही मिळून 'कोऊकिन्केइ' झालं, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनीच नावं लागतात. सत्तेने विरोधकाला तुरुंगात टाकलं असेल तर 'तोऊगोकु' शोभतो. त्यात 'टाकणे' आणि 'तुरुंग' अशी दोन्ही कांजी शेजारी-शेजारी आहेत.

सुटल्यानंतरच्या प्रसंगासाठी एक शब्द सुचवतो. बाहेरच्या मोकळ्या जगाला जपानी कैदी 'शाबा' म्हणतात. बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेलेला हा संस्कृत 'सहा' शब्द, आपल्या 'सहन'च्याच धातूचा: जिथे सोसावं लागतं ते जग. बोली रांगडी आहे, त्यामुळे निवेदनात नको. पण फाटकाबाहेर आल्यावर वडील स्वतः एकच शब्द बोलणार असतील, तर हाच द्या.