डॉर्टमुंडच्या नोकरीबद्दल विचारलंत म्हणून

चाकणची नोकरी सोडून ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, जर्मनीत डॉर्टमुंडला यावं का, की तिथले लोक आता परक्यांवर उठलेत, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, या. पण लोक चिडलेत हे खोटं नाही, आणि ते कशावर चिडलेत हे ठाऊक असलेलं बरं.

मी ह्योर्ड भागात राहतो. इथे फिनिक्स नावाचं तळं आहे, काठावर महागडी घरं, रविवारी हीऽ गर्दी. 2001 पर्यंत त्या जागी पोलादाचा कारखाना होता. बंद पडल्यावर तो एका चिनी कंपनीनं विकत घेतला. चिनी कामगार इथे येऊन राहिले, सगळा सुटा करून जहाजानं घेऊन गेले. माझे शेजारी तिथूनच निवृत्त झालेले. कारखाना बंद पडतो हे त्यांना कळतं, पण डोळ्यांदेखत उचलून नेला हे अजून पचलेलं नाही. शेजारच्या बोखुमचं तेच: 2008 मध्ये नोकिया रुमेनियाला गेली, 2014 मध्ये ओपेल बंद. 2018 मध्ये बोट्रोपची शेवटची दगडी कोळशाची खाणही मिटली.

याच देशाला युद्धानंतर माणसं पुरत नव्हती. 1948 ला नवं चलन आलं, कारखाने धडधडू लागले, मग 1955 ला इटलीशी आणि 1961 ला तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार झाले. 1964 मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून एका पोर्तुगीज सुताराला कोलोनच्या स्टेशनवर मोपेड भेट दिली! 1973 मध्ये भरती थांबली. आलेली माणसं राहिली, काम मात्र हळूहळू निघून गेलं.

आपल्यावरही एकदा पाळी आली होती. 2000 मध्ये चॅन्सेलर श्र्योडर यांनी परदेशी आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड नावाचा कामाचा परवाना काढला, तर याच राज्यात विरोधी पक्षाचे नेते र्‍युटगर्स यांच्या प्रचारात ‘किंडर श्टाट इंडर’ आलं, म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं. ती निवडणूक ते हरले. पण 2025 च्या संसदेच्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला देशभरात 20.8 टक्के मतं पडली, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका.

आणि एक अवघड गोष्ट. तुम्ही चाकणला बसून ज्या जर्मन गाड्यांच्या भागांची ड्रॉइंग्ज करता, ती एकेकाळी इथेच कुणीतरी करत होतं. कँटीनमध्ये ‘ते पुण्याला गेलं’ हे वाक्य कानावर येईल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आधी अभिमान वाटला, आणि सूप संपेपर्यंत लाज.

आता कामाचं. कंपनीला टारिफ करार, म्हणजे युनियननं ठरवलेला पगाराचा आणि कामाच्या अटींचा करार, लागू आहे का, बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांची निवडून आलेली समिती आहे का, हे सही करण्याआधी विचारा. कपात झाली तर नोकरीची वर्षं, वय, घरची जबाबदारी आणि अपंगत्व बघतात, म्हणजे तुमच्यासारखा नवा माणूस आधी जाण्याची शक्यता जास्त. पहिले सहा महिने तर तेवढंही संरक्षण नसतं. आयजी मेटाल युनियनचे सभासद व्हा, वर्गणीचा विचार करू नका. आणि जर्मन भाषा बी-1 या मधल्या पातळीपर्यंत पुण्यातच करा: ब्लू कार्डवर कायमचा परवाना 27 ऐवजी 21 महिन्यांत मिळतो, शिवाय कँटीनमधली ती वाक्यं समजतात. न समजलेली जास्त त्रास देतात.

घर मात्र तळ्याकाठी बघू नका, भाडं झेपणार नाही. मी दोन गल्ल्या मागे आहे, तिथे जमतं.