चुंबकीय क्षेत्र अडवत असताना वायूचा ढग कोसळून तारा बनतो कसा?

तुम्ही विचारलंय की अंतराळातल्या रेणूंच्या ढगात चुंबकीय क्षेत्र असतं, तर ते ढगाला कोसळू कसं देतं? ते अडवतं, चांगलंच अडवतं. मी नागपुरात बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

हे ढग उणे 263 अंश सेल्सिअसच्या आसपास गारठलेले. त्यांतलं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा हजारो पटींनी दुबळं, आणि त्याची पकड बसते ती फक्त विद्युतभारित कणांवर. ढगाच्या दाट गाभ्यात, जिथे तारा बनतो, असा कण कोटीत एखादाच! बाकीच्या वायूला क्षेत्र जाणवतच नाही; तो त्या मोजक्या भारित कणांवर आदळून अडखळतो, इतकंच.

चक्का आठवा. आमच्याकडे दही मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर नळाला टांगतात. फडकं जागचं हलत नाही, पाणी मात्र धाग्यांमधून वाट काढत पातेल्यात टपटपत राहतं. भारित कणांना धरून बसलेलं क्षेत्र म्हणजे ते फडकं, आणि गुरुत्वाच्या ओढीनं आत झिरपणारा वायू म्हणजे ते पाणी. लिऑन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर या खगोलशास्त्रज्ञांनी 1956 साली हा विचार मांडला. सगळं क्षेत्र वायूबरोबर आत खेचलं गेलं असतं, तर ताऱ्यावर कोट्यवधी गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) साचले असते. तरुण ताऱ्यांवर प्रत्यक्षात भरतात काही हजार.

पुढे झीमन परिणामावरून, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे वर्णपटातल्या रेषा दुभंगतात त्यावरून, गाभ्यांमधलं क्षेत्र मोजलं गेलं, तेव्हा बहुतेक दाट गाभे क्षेत्राला पेलवणार नाहीत इतके जड निघाले. म्हणून झिरपण्याची वाट पाहत ढग लाखो वर्षं अडून राहतो, हे जुनं चित्र मला आता अपुरं वाटतं. ढग कोसळण्याचा वेग क्षेत्र फक्त कमी करतं. शिवाय गाभ्याची गिरकी क्षेत्ररेषांवाटे बाहेर जाते, नाहीतर आकसता आकसता तो इतका गरगरला असता की तारा बनणंच अवघड.

हिवाळ्यात पेंचला सिल्लारीकडे जमलं तर जा, तिथलं आकाश अजून काळंभोर आहे. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे शोधा आणि दुर्बीण किंचित खाली आणा. धुरकट ठिपका दिसेल, तो मृगातला तेजोमेघ, सुमारे 1,350 प्रकाशवर्षांवरचा. त्याच्या मागच्या ढगातल्या क्षेत्ररेषा धुळीच्या ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशावरून काढल्या आहेत. गुरुत्वानं त्या मधोमध आवळल्यात, अगदी डमरूसारख्या.