वरण-भात वेगळा करू नका, आधी भूक बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की डाळ आणि तांदूळ एकत्र पचत नाहीत असा एक तक्ता तुम्हाला मिळाला, म्हणून महिनाभर सासऱ्यांना दुपारी नुसता तूप-भात आणि रात्री नुसतं वरण देताय. दही-भात बंद, शिकरण बंद, तरी त्यांचं पोट फुगायचं थांबत नाही. वय ६८. आता आणखी काय बंद करू, असा तुमचा प्रश्न आहे.

काही बंद करू नका. उद्यापासून वरण आणि भात पुन्हा एका ताटात वाढा.

माझे सासरे वैद्य होते, वाईला. लग्नानंतर सोळा वर्षं मी त्यांच्या दवाखान्यात पुड्या बांधल्या, त्यामुळे पोटाच्या तक्रारी रोज कानावर पडत. त्या अनुभवावरून आणि त्यांनी वाचून घेतलेल्या ग्रंथांवरून सांगते.

पिष्टमय आणि प्रथिनं एका जेवणात खायची नाहीत, हा नियम आयुर्वेदाचा नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विल्यम हे नावाचे एक डॉक्टर होते, ही विभागणी त्यांच्या आहारपद्धतीतली. पुढे कुणीतरी त्यावर आयुर्वेदाचा शिक्का मारला आणि तो तक्ता घरोघर फिरला. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या पाचव्या अध्यायात, रोज खावेत अशा पदार्थांची यादी आहे: साठेसाळी (साठ दिवसांत पिकणारी साळ) आणि इतर साळीचे तांदूळ, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचं पाणी, दूध, तूप, जांगल (कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यांचं) मांस, मध. तांदूळ, मूग आणि तूप एकाच ओळीत! मऊ भात, त्यावर मुगाचं वरण, तूप, मीठ, लिंबाची फोड हे आपलं जेवण त्या यादीच्या किती जवळ आहे बघा. आजच्या आहारशास्त्रातही प्रथिनांच्या घटकांपैकी तांदळात कमी पडणारं लायसिन डाळ पुरवते आणि डाळीत कमी पडणारं मेथिओनिन तांदूळ. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. असं ताट तुम्ही मोडलंत याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग एकत्र खाऊ नये असा आयुर्वेदातला 'विरुद्ध आहार' म्हणजे काय? चरकानं सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात तो सविस्तर सांगितलाय. पहिलं उदाहरण मासे आणि दूध. कारणही दिलंय: दोन्ही मधुर, दोन्ही स्रोतसं (शरीरातले मार्ग) अडवणारे, पण दूध शीतवीर्य (गुणानं थंड) आणि मासे उष्णवीर्य (गुणानं उष्ण), म्हणून एकत्र घेतले तर रक्त बिघडतं. (मासे खाऊन दूध प्यायलं की अंगावर पांढरे डाग पडतात, असं लोक म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ ते मान्य करत नाहीत, कारण त्या डागांत शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उलटलेली असते. माशांवर सोलकढी पिताना तर घाबरायचं कारणच नाही, तिच्यात नारळाचं दूध असतं.) दुधाबरोबर आंबट फळं नकोत, मध आणि तूप समभाग नकोत, मध तापवू नये. वाग्भट या दुसऱ्या जुन्या आयुर्वेदाचार्यानं दुधाबरोबर हुलगे, वाल, मटकी वर्ज्य सांगितलीय आणि ताक-दह्याबरोबर केळं.

शिकरण? चरकाच्या दुधाबरोबर वर्ज्य फळांच्या यादीत केळं आहे, त्यामुळे शिकरण नियमात बसत नाही हे खरं. पण त्याच अध्यायाच्या शेवटी एक श्लोक येतो, जो तक्तेवाले कधीच छापत नाहीत. विरुद्ध अन्न ज्याला सवयीनं मानवलंय, जो ते थोडंच खातो, ज्याचा अग्नी (पचनशक्ती) चांगला आहे, जो तरुण आहे, स्निग्ध खातो, व्यायाम करतो, बळकट आहे, त्याला ते बाधत नाही. म्हणून मैदानावरून दमून आलेल्या नातवाला शिकरण चालेल आणि ६८ वर्षांच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आजोबांना चालणार नाही. दोघांसाठी एकच तक्ता भिंतीवर लावता येत नाही.

आंब्याचंही तसंच. आंबट आंबा दुधात नको, पण पिकलेल्या गोड आंब्याचा रस दुधात घालण्याची भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात स्तुती आहे. मात्र तिथेच तो जड आणि थंड असंही म्हटलंय. म्हणून तर आपल्याकडे आमरसावर तूप आणि सुंठ किंवा मिरपूड घालतात.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या स्वयंपाकात जड पदार्थाचा उतारा त्याच भांड्यात घातलेला असतो. माझं माहेर अलिबागकडचं, आमच्याकडे कडव्या वालाचं बिरडं. वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल दोन बोटांत दाबायचा की साल सुटून येते. तासभर जातो त्यात. वाल मुळात वातूळ, म्हणून फोडणीला हिंग आणि ओवा, वर आमसूल, गूळ, ओलं खोबरं. आई फोडणीत ओवा चिमटीनं न टाकता तळहातावर चोळून टाकायची, त्याचा वास अंगणापर्यंत यायचा. एवढं केल्यावर तेच वाल पोटाला त्रास देत नाहीत. आयुर्वेदात याला संस्कार म्हणतात. पुरणात सुंठ-जायफळ आणि पोळीवर तूप, अळूच्या फतफत्यात चिंच, हे सगळं त्यातलंच.

आता सासऱ्यांबद्दल. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट सहज येऊन गेली आणि माझ्या मते दुखणं तिथेच आहे. साडेबाराला जेवण, चार वाजता चहा आणि खारी, साडेसहाला फळांची बशी, नऊला जेवण, साडेनऊला झोप. पहिलं जिरायच्या आत त्यावर दुसरं खाणं याला अध्यशन म्हणतात. या वयात, या बैठ्या दिनक्रमात चार वेळा चूल पेटवली तर कुठलीच नीट पेटत नाही. माझे सासरे कुणी पोट धरून आलं की काय खाल्लं हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, 'भूक लागली होती का? ढेकर साधा येतो की खाल्लेल्याचा वास घेऊन?' ढेकर शुद्ध, अंग हलकं, पोट साफ आणि खरी भूक, ही आधीचं पचल्याची खूण. ती दिसेपर्यंत ताट नको.

तेव्हा असं करून बघा. दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, तूप, शिजवलेली भाजी. जेवण पोटाचे दोन भाग, पाणी-ताक एक भाग, चौथा भाग मोकळा, हे वाग्भटाचं माप. जेवणाच्या शेवटी वाटीभर ताजं, पातळ, लोणी काढलेलं ताक, त्यात सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. दही रात्री अजिबात नको. दुपारी कधी दही-भात मागितला तर द्या. दह्याबरोबर तूप-साखर किंवा मुगाचं वरण असावं असं चरक म्हणतो, आणि आपल्या कोशिंबिरीत चिमूटभर साखर आणि तुपाची फोडणी असतेच. खारी हळूहळू बंद. फळ साडेसहाऐवजी चार वाजता, तेही भूक असेल तर, आणि चहाबरोबर नाही. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत: मुगाची पातळ खिचडी किंवा ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी. नंतर शतपावली.

खारी किंवा उशिराचं जेवण एका दिवसात तोडू नका. वर्षानुवर्षांची सवय पावपावानं सोडावी असं शास्त्रच सांगतं. आधी चारातली एक खारी कमी करा, मग दोन. नाहीतर ते चिडतील आणि तुमच्यावरच येईल.

वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त किंवा काळं पडत असेल, घास अडकत असेल, तर यातलं काहीही करत न बसता आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ताकातल्या मिठाचं आणि भाताचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

पंधरा दिवस हे करा आणि रोज सकाळी त्यांना दोनच गोष्टी विचारून वहीत टिपून ठेवा: पोट साफ झालं का, आणि भूक किती वाजता लागली. त्या नोंदी मला कळवा, मग शिकरणाचं बघू.