वीस वर्षं गॅरेजमध्ये पडून असलेलं पिनबॉल मशीन घरच्या घरी दुरुस्त करता येतं का?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीत घेतलेल्या घराच्या गॅरेजमध्ये आधीच्या मालकाने एक पिनबॉल मशीन सोडून दिलंय. बॅली कंपनीचं, १९७८-७९च्या आसपासचं, वीसेक वर्षं बंद. सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं, मल्टिमीटर आहे. प्लग लावून बघू का, आणि सुरुवात कुठून करू?

प्लग लावू नका. लावून झाला असेल तर काढा आणि वायर गुंडाळून मशीनच्या पोटात ठेवून द्या. पुढचे दोन-तीन शनिवार तरी तिची गरज नाही.

दुरुस्त करता येतं का, तर येतं. मी शिकागोच्या एका उपनगरात राहतो, आणि तीन हिवाळ्यांपूर्वी बॅलीचं ‘एट बॉल’ बेसमेंटमध्ये उतरवून घेतलं. १९७७चं मशीन. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा, नोकरी सॉफ्टवेअरची. सोल्डरिंगची इस्त्री कॉलेज सुटल्यावर हातात धरली नव्हती. ‘एट बॉल’ त्या काळी तुफान चाललं होतं, २०,२३० मशीन बनली. हा आकडा पुढे १९९२च्या ‘अॅडम्स फॅमिली’ने मोडला, तोही फक्त चाळीस मशीनच्या फरकाने. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. त्या काही वर्षांतल्या बॅलीच्या मशीनमधले बोर्ड जवळजवळ एकाच घराण्यातले आहेत, म्हणून माझा अनुभव तुम्हाला बराचसा लागू पडेल. फक्त एक खात्री करून घ्या: स्कोअरच्या जागी काळ्या काचेच्या पट्ट्या आहेत ना? तिथे आकडे छापलेली चाकं असतील तर ते जुनं रिलेवालं मशीन, आणि पुढचं निम्मं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही.

आता पहिला शनिवार. नाण्यांचं दार उघडा (किल्ली बऱ्याचदा आतच हुकला लटकवलेली असते, म्हणजे कुलूप ड्रिलने फोडावं लागतं), आतला खटका ओढून समोरची लोखंडी पट्टी काढा, काच सरकवून बाहेर घ्या, आणि प्लेफील्ड म्हणजे खेळाची फळी उचलून टेकू लावा. चेंडू आधी काढायला विसरू नका, नाहीतर तो वरून घरंगळत थेट काहीतरी फोडायला जातो. मग नुसतं बघा. व्हॅक्यूम फिरवा, फोटो काढा, वहीत लिहा. हात लावू नका.

मला काय दिसलं सांगतो. फळीखाली कॉइलसाठी (वीज मिळताच लोखंडी दांडा ओढणारी तारेची वेटोळी) १ अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे सावकाश वितळणारा फ्यूज असतो, तिथे १० अँपिअरचा बसवलेला. दुसऱ्या एका फ्यूजला च्युइंगमची चांदी गुंडाळलेली. प्लगचा तिसरा, अर्थिंगचा पाय पकडीने तोडलेला, बारमधल्या दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून. दोन ठिकाणी कनेक्टर कापून टाकून वायरी थेट बोर्डाला डाखलेल्या. आणि सगळ्या कॉइलमध्ये कुणीतरी सढळ हाताने तेल सोडलेलं.

हे बघून मला आधी संताप आला. मग लक्षात आलं की हे मशीन कुणाच्या आवडीसाठी नव्हतं, क्वार्टरची (पंचवीस सेंटची) नाणी गोळा करायला ठेवलेलं होतं. शुक्रवारी दुपारी ते बंद पडलं की मेकॅनिकला एकच प्रश्न असणार: संध्याकाळी चालू होईल का? चांदीच्या कागदाने ते चालू झालंही असेल. माझ्या मशीनमध्ये मला तीन माणसांची अक्षरं वेगवेगळी ओळखू येतात. एकाचा डाख इतका सुबक की त्याच्या कामाला मी हात लावलेला नाही. दुसरा सगळीकडे सोल्डरचे लाडू वळून गेलाय. तिसरा तो तेलवाला. तुमच्या मशीनमध्येही अशी माणसं असतील. निम्म्याहून जास्त बिघाड जुनेपणाने होत नाहीत, या मधल्या हातांनी होतात, आणि ते शोधायला मीटरही लागत नाही.

त्यानंतर बॅटरी. मागच्या उभ्या पेटीत, काचेमागे, मुख्य बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सरळ डाखलेली असते, उच्चांक लक्षात ठेवण्यासाठी. ती गळते. गळली की हिरवट-पांढरं मीठ बोर्डावर पसरतं, आणि तिच्या शेजारीच रिसेटचं सर्किट असतं, म्हणजे मशीन जागंच होत नाही. बॅटरी कापून काढा. गळलेला द्रव अल्कलीचा असतो, म्हणून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याने धुवा, मग आयसोप्रॉपिल अल्कोहोल, मग दोन दिवस वाळवण. इलेक्ट्रॉनिक बोर्ड नळाखाली धरताना माझा जीव वरखाली झाला होता, पण वीज आणि बॅटरी नसेल तर पाण्याने त्याला काही होत नाही. काळा पडलेला तांब्याचा माग बारीक काचपेपरने लख्ख होईपर्यंत घासा. त्याशिवाय सोल्डर चिकटतच नाही, नुसतं थेंब होऊन पळतं. नवी बॅटरी बोर्डावर परत बसवू नका. बॅटरीच लागत नाही अशी मेमरी चिप आता त्याच पायांची मिळते.

वीज द्यायची ती एकेक करून. सगळे फ्यूज काढा, ट्रान्सफॉर्मरजवळच्या रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) बोर्डावरून पुढे जाणारे कनेक्टर सोडवा, प्लगला नवीन तीन पायांची वायर लावा. मग एक फ्यूज, एक मोजणी. साधारण असं दिसायला हवं: खेळातल्या दिव्यांसाठी ५.४ व्होल्ट, बोर्डांसाठी १२च्या आसपास, कॉइलसाठी ४३, आणि स्कोअरच्या पट्ट्यांसाठी २३०. हे सगळं डीसी. कायम पेटत्या दिव्यांना मात्र ७च्या आसपास एसी. त्या २३०चे पुढे दुसऱ्या बोर्डावर १९० होतात. तिथे मोजताना एक हात खिशात ठेवा, आणि बंद केल्यावरही थोडा वेळ जाऊ द्या, कपॅसिटर भरलेला असतो. आणखी एक: पोटातल्या सर्व्हिस सॉकेटमध्ये मशीनचं बटण बंद असलं तरी १२० व्होल्ट असतात. काम करताना बटणावर भिस्त नको, प्लगच काढा. १२ व्होल्टमधून ५ व्होल्ट बनवणाऱ्या भागातला मोठा कपॅसिटर न तपासता बदला. इतक्या वर्षांनी तो नावालाच उरलेला असतो.

आता माझा मूर्खपणा. बोर्ड जागा होतो तेव्हा त्यावरचा छोटा लाल एलईडी आधी एकदा चमकून जातो आणि मग सात वेळा लुकलुकतो. एकेक लुकलुक म्हणजे एकेक तपासणी पास. पहिली रॉमची, मग दोन मेमरी चिपच्या, मग दोन इनपुट-आउटपुट चिपच्या, अशी. कितव्यावर अडकला ते मोजलं की बिघाड कुठल्या चिपपाशी आहे ते कळतं. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार केला याचं मला अजून कौतुक वाटतं. माझा सहावर थांबला. मी चिपा काढल्या, पाय घासले, परत बसवल्या. दोन संध्याकाळी गेल्या. सातवी तपासणी कॉइलच्या ४३ व्होल्टमधून येणाऱ्या सिग्नलची असते. आणि तो फ्यूज सुरक्षितता म्हणून मीच काढून ठेवला होता. टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी.

बोर्ड जागा झाल्यावरही काहीतरी मधूनच चालेल, मधूनच बंद पडेल. तेव्हा चिपांवर संशय घेण्याआधी कनेक्टर बघा. बोर्डावरच्या पिनांभोवतीच्या डाखाला भिंगातून पाहिलं तर अंगठीसारखी बारीक चीर दिसते. सगळ्या पिनांना नव्याने डाख द्या, करपलेले कनेक्टर बदला, आणि त्यासाठी पिना दाबायची चांगली पक्कड विकत घ्या. साध्या पकडीने दाबलेल्या पिना वर्षभरात पुन्हा त्रास देतात.

यानंतरची मजा फ्लिपरमध्ये आहे, म्हणजे बटण दाबलं की उडून चेंडू परतवणाऱ्या त्या दोन पात्यांमध्ये. लहानपणी आपल्याकडे बॅगाटेल असायचं, फळीवर खिळे, खाचा आणि गोळ्या. पिनबॉल त्याच घरातलं. गोळी सोडली की पुढे नशीब. १९४७ साली शिकागोतल्याच गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ मशीनला फ्लिपर आले आणि खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी आलं. (तरी तुमच्या शेजारच्या न्यूयॉर्क शहरात १९४२ साली जुगार म्हणून घातलेली बंदी १९७६पर्यंत उठली नव्हती.) त्यामुळे बाकी सगळं झकास असलं आणि फ्लिपर मेंगळट असले तर मशीन मेलेलंच वाटतं.

माझ्या फ्लिपर कॉइलच्या कागदावर छापलंय: एक्यू २५-५००/३४-४५००. इचलकरंजीत मोटार वायंडिंगच्या दुकानांसमोर वाढलेल्या माणसाला हे वाचून घरी आल्यासारखं वाटलं. एकाच रिळावर दोन वेटोळी: २५ गेजच्या जाड तारेचे ५०० वेढे आणि ३४ गेजच्या बारीक तारेचे ४५००. बटण दाबताच प्रवाह फक्त जाड तारेतून जातो आणि फ्लिपर ताडकन उडतो. तो वर पोचला की त्याच्याच मागचा दांडा एक पत्तीचा स्विच उघडतो, आणि प्रवाहाला आता बारीक तारेतूनही जावं लागतं. प्रवाह घटतो, फ्लिपर नुसता धरून ठेवला जातो. हा स्विच वेळेवर उघडला नाही तर जाड तार तापून कॉइल जळते, आणि त्याच्या टोकांवर काजळी बसली असेल तर फ्लिपरला आधीच जोर नसतो. लोक कॉइल बदलतात, दोष असतो स्विचचा. टंगस्टनची टोकं असतात, बारीक कानशीने घासून साफ होतात. पण ही कानस बाकीच्या स्विचना लावू नका! त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो, एका घासण्यात जातो. त्यांच्या पत्त्यांमध्ये अल्कोहोलने ओलसर केलेलं व्हिजिटिंग कार्ड धरून हलकेच ओढायचं, बस.

तेलाचं काय करायचं? तेल, धूळ आणि चाळीस वर्षं मिळून डांबर तयार होतं. कॉइलमध्ये नायलॉनची नळी असते आणि तिच्यात लोखंडी प्लंजर कोरडाच पळायला हवा. सगळ्या नळ्या बदला, अगदी स्वस्त असतात. प्लंजरचं टोक आपटून आपटून छत्रीसारखं पसरलेलं असेल तर तेवढं कानशीने उतरवा. माझे फ्लिपर एवढ्यावरच इतके जोरात उडायला लागले की पहिल्याच दिवशी चेंडू काचेवर आदळला.

रबर रिंगा सगळ्या बदला, संच मिळतो. चेंडूही नवा घ्या. एका इंचाहून जरा जास्त, १ १/१६ इंचाचा, सुमारे ८० ग्रॅमचा असतो. जुना गंजलेला चेंडू फळीवर काचपेपरचंच काम करतो.

फळीच्या रंगाबाबत माझं मत तुम्हाला पटेलच असं नाही. पाण्याने पुसायची नाही हे तर नक्कीच, लाकूड फुगतं. बरेच जण पांढरा मेलामाइनचा स्पंज अल्कोहोलमध्ये बुडवून घासतात, फळी आरशासारखी निघते, पण दर वेळी मळाबरोबर थोडा रंगही निघतो. काही जण सगळं नव्याने रंगवून वर गाड्यांचा दोन भागांचा क्लिअरकोट मारतात. त्यात आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात, साध्या मास्कने भागत नाही, आणि घराच्या बेसमेंटमध्ये तर मी ते कुणालाच करू देणार नाही. मी प्लास्टिक पॉलिशने मळ काढला, लाकूड उघडं पडलेल्या चार-पाच जागी अॅक्रिलिक रंगाचे ठिपके दिले, वर कार्नुबा मेण. समोरच्या खाचेजवळ रंग झिजून हाताच्या पंजाएवढी जागा फिकी झालीय, ती तशीच ठेवली. तिथून चेंडू किती हजार वेळा गेला असेल! माझी मुलगी त्याला ‘टक्कल’ म्हणते.

मागच्या चित्राच्या काचेला मात्र फक्त पुढून हात लावा. चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं आणि दिव्यांच्या उष्णतेने त्याचे पापुद्रे सुटतात. मागून नुसतं फडकं फिरवलं तरी चेहरा उडतो. तिथेच क्रमांक ४४चे दिवे असतील तर ४७चे बसवा. उजेड थोडा कमी, पण २५० ऐवजी १५० मिलिअँपिअर, त्यामुळे काचेलाही आणि कनेक्टरलाही ताप कमी.

मला सगळं मिळून एक अख्खा हिवाळा लागला. सुट्या भागांना तीनशेच्या आसपास डॉलर गेले, त्यात पिना दाबायची पक्कड धरलेली नाही, कारण ती बायकोला सांगितलेली नाही.

तुमच्या मशीनचं नाव आणि मुख्य बोर्डावर छापलेला क्रमांक खाली लिहा. आणि बॅटरीच्या कोपऱ्याचा उजेडात काढलेला एक फोटो टाका. बोर्ड वाचवण्याजोगा आहे की नवीन घ्यावा, ते त्यावरून बरंचसं कळेल.