बाण हातात, इन्सर्ट टार्गेटमध्येच

प्रश्न : ताई, मी आणि माझी लेक दोघी हौशी तिरंदाज. कार्बनचे बाण आम्ही घरीच जुळवतो. गेल्या महिन्यात बारा नळ्यांत अ‍ॅल्युमिनियमचे इन्सर्ट (नळीच्या तोंडात बसणारा, पॉइंट म्हणजे बाणाचं धातूचं टोक ज्यात फिरवून बसवतात तो तुकडा) बसवले, पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी वापरून. त्यातल्या चार बाणांची गत अशी झाली, की टार्गेटमधून ओढताना नळी हातात आली आणि पॉइंटसकट इन्सर्ट आतच राहिला. पाचवा डुगडुगत होता, तो काढायला बाणाचं टोक गॅसच्या ज्योतीवर धरलं. इन्सर्ट निघाला, पण नळीच्या तोंडाशी पेरभर भाग फिकट पडलाय आणि बोटाला खरखरीत लागतोय. हा बाण वापरता येईल का? आणि इन्सर्ट चिकटवायचे तरी कसे?

उत्तर : पाचवा बाण आधी. नाही, तो वापरायचा नाही. ‘सरावापुरता’ म्हणून भात्यातही ठेवू नका. घाईत कोण कुठला बाण उचलेल सांगता येत नाही, आणि तुमच्याकडे तर दोघींचे हात आहेत. नॉक, म्हणजे मागच्या टोकाला दोरीत अडकणारा खाचेचा तुकडा, काढून घ्या, खराब भागावर चिकटपट्टी गुंडाळा आणि टाकून द्या. मोडून बघायचा मोह आवरा, कुसळं फार वाईट घुसतात.

कारण असं. कार्बनच्या नळीत धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन असतं. धागा आच सोसतो, रेझिन सोसत नाही. ते आधी मऊ होतं, मग जळतं. तुमच्या बोटाला जे खरखरीत लागतंय ते बहुधा रेझिन गेल्यावर उघडे पडलेले धागे आहेत. दोरी सुटते त्या क्षणी सगळा जोर मागून येतो, पुढे पॉइंटचं वजन असतं आणि मधली नळी धनुष्यासारखी वाकते. निरोगी नळी हे हजारदा सोसते. दुबळी नळी मोडली, तर तिच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात जातात. जळका भाग कापून टाकला तर, असं तुमच्या मनात आलं असेलच. पण आच आत कुठवर गेली हे डोळ्यांना कळत नाही. शिवाय नळी आखूड झाली की तिचा ताठपणा बदलतो आणि फारच आखूड झाली तर पूर्ण ओढल्यावर बाण रेस्टवरून, म्हणजे धनुष्यावर तो टेकतो त्या आधारावरून, मागे घसरतो. जाऊ द्या तो बाण.

आता बाकीचे चार. दोष इपॉक्सीला देऊ नका, मला संशय मळाचा आहे. नळी कापली की आत कार्बनची बारीक भुकटी बसते आणि इन्सर्टवर कारखान्यातलं यंत्राचं तेल असतं. गोंद या दोन्हींना चिकटतो आणि त्यांच्यासकट सुटून येतो. निघालेल्या इन्सर्टवर गोंदाचं सबंध टरफल दिसतंय का, बघा. दिसत असेल तर नळीची आतली बाजूच अस्वच्छ होती.

कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून नळीत फिरवा आणि काडी पांढरी बाहेर येईपर्यंत नवी घेत राहा. मला एकेका नळीला पाच-सहा काड्या लागतात, पहिल्या दोन तर काजळीसारख्या काळ्या येतात. अ‍ॅसिटोन नळीत ओतू नका, ते रेझिनला बाधू शकतं. इन्सर्ट अल्कोहोलने पुसा, बारीक पॉलिश पेपरने चमक घालवा, पुन्हा पुसा आणि त्यानंतर नुसत्या बोटांनी धरू नका. बोटाचं तेलही तेलच. दोन्ही गोष्टी पूर्ण वाळल्या की मगच गोंद.

पाच मिनिटांचं इपॉक्सी घेतलंत तर एका वेळी तीन बाणांपुरतंच कालवा, नाहीतर चौथ्याला ते तार धरू लागतं. मी २४ तासांचंच वापरते. घाई नसते आणि पकडही चांगली येते. गोंद इन्सर्टच्या खाचांवर लावायचा, नळीत नाही. नळीत लावला तर इन्सर्ट तो पुढे ढकलत नेतो आणि आत गोळा साठतो. प्रत्येक बाणात वेगळा साठला की तुमचे वजनाने जुळवलेले बाण जुळत नाहीत. इन्सर्ट हळूहळू गोल फिरवत आत ढकला, म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. तोंडाशी आलेला जादा गोंद लगेच पुसा. राहिला तर पॉइंट सपाट बसत नाही.

आणि नॉक आधी काढून ठेवा! हे मी स्वतः पोळून शिकले. सुरुवातीच्या काळात सहा बाण नॉकसकट चिकटवून रात्री ठेवून दिले. सकाळी बघते तर सहाही इन्सर्ट दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेले आणि गोंद दगडासारखा. दोन्ही तोंडं बंद, आत दाबलेली हवा जाणार कुठे? तिने इन्सर्टच मागे ढकलला होता. तेव्हापासून नॉक काढून, बाण पॉइंटच्या बाजूने खाली उभे करून ठेवते.

हॉट मेल्टचाही, म्हणजे तापवून वितळवायच्या कांडीच्या गोंदाचाही, पर्याय आहे, पण कार्बनसाठी कमी तापमानाला वितळणाराच घ्या. त्याचा एकच नियम : आच धातूला, नळीला कधीच नाही. इन्सर्टमध्ये जुना पॉइंट फिरवून घट्ट करा, पॉइंट पकडीत धरा आणि इन्सर्ट गोंदाची कांडी टेकवल्यावर ती जेमतेम वितळेल इतकाच तापवा. खाचांवर गोंद फिरवा, इन्सर्ट नळीत सरकवा आणि टोक गार पाण्यात बुडवा. काढतानाही आच फक्त पॉइंटच्या टोकाला, दोन-तीन सेकंद, मग पकडीने ओढून बघायचं. इन्सर्टलगतच्या नळीवर उघडं बोट टेकवून ठेवता येत नसेल तर ती जास्त तापली, थांबा. इपॉक्सीने बसवलेला इन्सर्ट सुटायला याहून बरीच आच लागते, म्हणून तो वाचवायच्या फंदात मी पडत नाही.

पुढच्या वेळी नळी कापाल तेव्हा मास्क आणि चष्मा लावा, भुकटी ओल्या फडक्याने टिपा, फुंकर मारू नका. इपॉक्सीसाठी नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण वारंवार लागलं तर त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते.

उरलेले सात बाणही त्याच दिवशी, त्याच गोंदाने चिकटवलेत, तेव्हा एकेक पॉइंट पकडीने ओढून तपासा. मग बाण दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून लांब, हलकेच वाकवा. थोडा फिरवून पुन्हा वाकवा, असं चहूबाजूंनी. कट्कन आवाज आला किंवा बोटाला चीर लागली तर तोही पाचव्याच्या सोबतीला. टार्गेटमधून ओढताना हात टार्गेटला लागून ठेवा आणि सरळ ओढा.

प्रश्न : इन्सर्टसाठी सुपरग्लू चालतो का? पटकन होतं.

उत्तर : पटकन होतं हीच अडचण. इन्सर्ट अर्ध्यात असतानाच तो पकडतो, मग आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. साधा सुपरग्लू कडक, ठिसूळ असतो, टार्गेटवरचे दणके त्याला मानवत नाहीत. पिसं लावायला वापरा. मात्र सुती हातमोजे घालून नको, सुती कापडावर सांडला की तो एकदम तापतो आणि भाजतो.