आधी एक चेंडू

चिरंजीवास,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. क्लब सोडू का, नकल बॉल (बोटांच्या पेरांनी धरून टाकायचा फसवा संथ चेंडू) शिकू का, आणि जर्सीच्या पाठीवर 'एक्सप्रेस' छापून घेऊ का. तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच. आधी एक चेंडू.

क्रिकेटमधलं कुठलंही उदाहरण दिलं की तू वाद घालतोस, म्हणून बाहेरचा माणूस घेतो. वॉल्टर जॉन्सन, अमेरिकेतल्या बेसबॉलचा पिचर, म्हणजे तिकडचा बोलर. १९०७ साली आयडाहोतल्या वायझर गावात टेलिफोन कंपनीच्या टीमकडून खेळत होता, तिथून वॉशिंग्टनच्या टीमने उचलला. हात आडवा, बाजूने यायचा. कित्येक वर्षं त्याच्याकडे फास्टबॉल, म्हणजे सरळ वेगवान चेंडू, सोडून सांगण्यासारखं काही नव्हतं. काय येणार हे समोरच्याला ठाऊक असायचं, तरी बॅट लागायची नाही. १९०८च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कविरुद्ध चार दिवसांत तीन पूर्ण सामने टाकले आणि तिन्हींत त्यांना एकही रन करू दिली नाही. १९१३ मध्ये ३६ विजय, ७ पराभव. कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, नंतर कमावला. नंतर! तुझा यॉर्कर अजून सहातले चार फुलटॉस पडतो आणि तुला नकल बॉल हवाय.

आता नावाचं. 'बिग ट्रेन' म्हणायचे त्याला, कारण त्या काळी लोकांनी पाहिलेली सगळ्यात वेगवान गोष्ट म्हणजे आगगाडी. 'बार्नी' म्हणायचे, ते मोटार शर्यतीतल्या बार्नी ओल्डफील्डवरून. अंपायरशी हुज्जत घालायचा नाही, सभ्य माणूस, म्हणून 'सर वॉल्टर'. यातलं एकही त्याने स्वतः छापून घेतलं नव्हतं. आपला चेंडू कुणाच्या डोक्याला लागेल याची त्याला धास्ती वाटायची. टाय कॉब नावाच्या नामी बॅटरने हे हेरलं आणि मुद्दाम प्लेटला (बॅटरसमोरच्या जमिनीवरच्या पाटीला) खेटून उभा राहायला लागला. इतक्या वेगाच्या माणसाची ही भीती मला फार आवडते. तुझ्यात ती थोडी यावी. परवा त्या बारक्या ओपनरला बाउन्सर घालून हसलास, ते मी पाहिलं.

क्लब दुबळा आहे, कॅच सुटतात, मान्य. जॉन्सनची टीम वर्षानुवर्षं तळाला असायची. ४१७ सामने जिंकले त्याने, पण २६ वेळा एक-शून्यने हरलाही. म्हणजे एक रन दिली आणि आपल्या पोरांना तेवढीही काढता आली नाही.

तू गूगल करशीलच, म्हणून आधीच सांगतो. १९१४च्या शेवटी त्याने जास्त पैशांसाठी शिकागोच्या नव्या लीगमधल्या टीमशी करार केला होता. वॉशिंग्टनच्या क्लार्क ग्रिफिथने समजूत घालून परत आणला. एकूण २१ सीझन वॉशिंग्टनकडूनच खेळला. मोह त्यालाही झाला, एवढाच त्याचा अर्थ. मला झाला नव्हता असं थोडंच आहे? दोन क्लब मागे लागले होते. मी इथेच राहिलो. वरच्या पातळीवर खेळलो नाही याची हळहळ आहे, नाही कशाला म्हणू? पण जे तिकडे गेले त्यांतले किती खेळले, विचार जरा. ड्रेसिंग रूममध्ये बसून होते. माझ्या हातात नवा चेंडू तरी असायचा, दर रविवारी, वाऱ्याच्या बाजूने. चेंडू टाकूनच हात घडतो, बेंचवर बसून नाही. याबाबत मी अजिबात हटणार नाही.

१९२४ साली वॉशिंग्टन पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, गेलं तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. दोन सामने टाकले, दोन्ही हरला. सातव्या सामन्यात ३-३ असताना नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगला बोलावलं. चार इनिंग टाकल्या, एक रन दिली नाही. मग बाराव्या इनिंगमध्ये वॉशिंग्टनच्या मॅकनीलीचा साधा जमिनीवरचा फटका समोरच्या टीमच्या फिल्डर लिंडस्ट्रॉमसमोर अचानक उसळून त्याच्या डोक्यावरून गेला आणि वॉशिंग्टन जिंकलं. तो नशिबाचा भाग. त्याआधीच्या चार इनिंग नशिबाच्या नव्हत्या.

ट्रान्सफरचा फॉर्म भरायचाच असेल तर भर, सही करून देतो. पण शनिवारी सकाळी नेटवर ये. स्टंपच्या बुडाशी जुना बूट ठेवतो, त्यावर यॉर्कर टाकायचे. जर्सीवर फक्त आडनाव.

तुझा,
सर